भिंतीवरची थाप

एरवी या सदराला महिन्याला पाच-सहा पत्रं येतात. त्यातलं एखादं अंक मिळाला नाही म्हणून असतं आणि एखादं पत्ता बदलल्याचं. या वेळी एकोणीस आली आणि सगळी एकाच सिनेमावर. गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे, बारापैकी तीनच बिऱ्हाडं उरली आहेत, आणि समोरच्यांनी सोडलेल्या खोलीत आम्ही सहा जणांनी भिंतीवर प्रोजेक्टर टाकून 'द हॉन्टिंग' पाहिला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी: १९६३ सालचा कृष्णधवल सिनेमा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, शर्ली जॅक्सन यांच्या कादंबरीवरून. नव्वद वर्षांच्या एका बदनाम वाड्यात एक डॉक्टर भुताटकीचा अभ्यास करायला काही माणसं जमवतो. त्यातली एक एलेनॉर. आयुष्याची अकरा वर्षं तिनं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलेलं आहे, आई नुकतीच गेली आहे, आणि आता ती बहिणीच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. एवढंच. शेवट सांगत नाही, तीन पत्रांत तशी तंबीच आहे.

प्रश्न (चरई, वय ५८): तुम्ही लिहिलंत म्हणून रात्र मोडून पाहिला. जवळजवळ दोन तास झाले, भूत काही आलं नाही. हा काय प्रकार? मुलगा म्हणतो, बाबा तुमचं इंटरनेट मध्येच गेलं असेल.

मुलाला सांगा, इंटरनेट शाबूत होतं. भूत नाहीच त्यात. पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत, आणि त्यांच्याकडची साखळदंड ओढणारी मंडळीसुद्धा नाहीत. आहे ते सगळं आवाजात, दारात आणि त्या बाईच्या तोंडावर.

मी तीस वर्षं नाटकांचं म्युझिक ऑपरेट केलं. गडकरी रंगायतनच्या विंगेत माझी अर्धी हाडं झिजली. सुरुवातीला स्पूलचा टेपरेकॉर्डर, नंतर कॅसेट, मग सीडी. वीज कडाडायला पातळ पत्रा हलवायचो, पावसाला सुपात मोहरी फिरवायचो. त्यामुळे सिनेमा बघताना माझे डोळे नंतर पोचतात, कान आधी जातात. वाइजबद्दल मला जिव्हाळा वाटतो त्याचं कारणही हेच. हा माणूस आरकेओ स्टुडिओत सुरुवातीला साउंड आणि म्युझिकचं एडिटिंग करायचा, मग 'सिटिझन केन'चं संकलन केलं, आणि पुढे दिग्दर्शक झाला. म्हणजे मुळात आमच्याच पंगतीतला.

आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. एलेनॉर आणि थिओ या दोघी एका खोलीत, रात्र, बाहेर बोळ. लांबून धप्प. मग थोडं जवळ, धप्प. कुणीतरी बोळातून एकेका दारावर आपटत येतं आहे. दोघी एकमेकींना बिलगून बसतात आणि आवाज त्यांच्या दाराशी येऊन थांबतो. हा थांबणारा क्षण बघा. आम्ही नाटकात याला श्वास देणं म्हणायचो. आवाज सुरू करणं कोणालाही जमतं, तो कुठे तोडायचा हे कळायला दहा वर्षं जातात. मग दाराची मूठ अगदी हळू फिरते. बस्स. त्या वेळी आमच्या रिकाम्या खोलीत काय झालं ते सांगतो. फर्निचर नाही, पडदे नाहीत, गाद्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक धप्प चारी भिंतींवरून परत येत होता. मी मुद्दाम तीच खोली निवडली होती, हे माझं पाप. आमच्या सौ. चहाचा ट्रे घेऊन नेमक्या त्या वेळी उंबऱ्यात आल्या आणि तिथेच थिजल्या. सहा कप ट्रेमध्ये किणकिणत होते. सिनेमातला आवाज कुठला आणि कपांचा कुठला, हे दोन सेकंद कोणालाच कळलं नाही.

तुम्हाला भूत दिसलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हां, हे भूत. मग त्याचा मेकअप बघितला असता. आपण मराठी माणसं तर लगेच नटाचं नाव विचारतो.

प्रश्न (ऐरोली, फिल्म मेकिंगचा विद्यार्थी): काका, ते दार आत फुगतं आणि परत बसतं, तो शॉट कसा केला? त्या काळी कॉम्प्युटर नव्हता.

नव्हता, म्हणून तर बरा झाला. लाकडाचे पातळ थर चिकटवून लवचिक दार केलं होतं आणि मागून एक दणकट माणूस लाकडाचा ओंडका लावून ढकलत होता. संपलं. दार फुगणं आपल्याला काही नवीन नाही म्हणा. आमच्या न्हाणीघराचं दार मृगात फुगतं ते दिवाळीशिवाय मिटत नाही, आणि त्यामागे कोणी उभं नसतं.

तुझ्या कामाच्या आणखी दोन-तीन गोष्टी. वाइजला घराच्या भिंती वाकड्या, अंगावर येणाऱ्या दिसायला हव्या होत्या. पॅनाव्हिजनकडे तेव्हा त्याला हवी तेवढी वाइड लेन्स तयार नव्हती. ३० मिलिमीटरची एक होती, पण तिच्यातून प्रतिमा वाकडी यायची, म्हणून कंपनी देईना. यानं हट्ट धरला. शेवटी लेन्स सदोष आहे हे मला माहीत आहे असं लिहून सही दिली आणि घेऊन गेला. दोषच तर हवा होता! बाहेरून दिसणारा वाडा इंग्लंडमध्ये वॉरिकशरला आहे, त्याची बाहेरची दृश्यं इन्फ्रारेड फिल्मवर घेतली, म्हणून दगडाला तो रोगट रंग आला. आतल्या खोल्या मात्र बोरहॅमवुडच्या स्टुडिओत बांधलेल्या. सिनेमाच्या सेटला सहसा छत नसतं, वरून दिवे सोडायचे असतात. इथे छतं घातली. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण मान आखडल्यासारखी वाटत राहते.

आणि आवाज आधी रेकॉर्ड करून शूटिंगच्या वेळी सेटवर वाजवले. नट्या दचकतात ते खऱ्या ठोक्याला. आमच्याकडे काही मोठे नट तालमीत म्हणायचे, आवाज प्रयोगाला द्या, आत्ता राहू दे. प्रयोगाला मग क्यू चुकला की बोलणी मी खायची.

एक कर. तो सिनेमा एकदा आवाज बंद करून बघ. मग एकदा डोळे मिटून ऐक. कुठल्या खेपेला दिवा लावावासा वाटतो ते मला लिहून पाठव.

प्रश्न (कोलशेत, गृहिणी): आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. वरचा फ्लॅट विकलाच गेलेला नाही, कुलूप आहे. तरी रात्री वर कोणीतरी गोट्या टाकतं, टक, टक, टक-टक-टक. सिनेमा पाहिल्यापासून सासूबाई हॉलमध्ये झोपायला लागल्या आहेत. वॉचमनला दोनदा वर पाठवलं. काही उपाय?

ताई, या गोट्या मी घोडबंदर रोडवरच्या निदान सात घरांतून ऐकल्या आहेत. पुरती खात्री बघितल्याशिवाय देता येणार नाही, पण पहिला संशय पाण्याच्या पाइपवर घ्या. वाहत्या पाण्याचा नळ किंवा व्हॉल्व्ह एकदम बंद झाला की पाण्याचा धक्का पाइपला बसतो, आणि पाइप जिथे क्लॅम्पमध्ये सैल असेल तिथे तो भिंतीवर टकटक करतो. काँक्रीटमधून आवाज लांबवर जातो. तुम्हाला वरचा वाटतो तो तीन मजले खालचाही असेल. आठवडाभर वहीत वेळ लिहा आणि तीच वही घेऊन पंप चालवणाऱ्याला पंपाच्या वेळा विचारा. जुळल्या तर भूत प्लंबरच्या ताब्यात द्या.

आमच्यासारख्या जुन्या घरांत पाइपच्या जोडीला लाकूडही बोलतं. दिवसा तापून फुगलेली तुळई रात्री गार होऊन आक्रसते आणि कडकन वाजते. म्हणून घरं दुपारी कधी बोलत नाहीत, रात्री एकनंतर बोलतात. शिवाय दुपारी रिक्षा आणि कुकरपुढे ऐकतं कोण.

टॉवरमध्ये भुतं येत नाहीत अशी मात्र समजूत नको. रामगोपाल वर्मांनी २००३ साली 'भूत' काढला तो वाड्यात नव्हे, मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, आणि त्यात एकही गाणं ठेवलं नाही. सासूबाईंना तो दाखवू नका.

प्रश्न (वर्तकनगर): नातू नऊ वर्षांचा आहे. दाखवू का?

नको. कंटाळला तर तुम्हाला वाईट वाटेल आणि घाबरला तर सुनेला.

प्रश्न (वाशी): जुना बघावा की १९९९ साली नव्यानं काढला तो?

नव्यात वाडा कॉम्प्युटरनं हलवलेला आहे, छतं, पुतळे, सगळं अंगावर येतं. मी चाळीस मिनिटं बघितला आणि उठून दूध तापवलं.

प्रश्न (कोपरी, निवृत्त शिक्षक): इंग्रजांचं कौतुक पुरे. आपल्याकडे वाडा घाबरवत नाही का?

गुरुजी, एक दुरुस्ती. सिनेमा इंग्लंडात काढला असला तरी दिग्दर्शक अमेरिकन. पण तुमचं म्हणणं पोचलं.

'महल' घ्या. १९४९, बॉम्बे टॉकीज, कमाल अमरोही. त्यातही रिकामा वाडा आणि एक आवाज. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीला लताबाईंचा आवाज लांबून जवळ येतो ना, तो यंत्रानं वर-खाली केलेला नाही. माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात हळूहळू माइककडे चालत आल्या. संगीतकार खेमचंद प्रकाश. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसऱ्या दिवशी तालमीत आमच्या एका गायिकेला बाल्कनीच्या दारातून चालवत आणलं होतं. ती तिसऱ्या रांगेत खुर्चीला अडखळली. असो. आणि रेकॉर्डवर नाव कुणाचं छापलं, तर सिनेमातल्या पात्राचं, कामिनी! गाणारी कोण ते लोक रेडिओला विचारत राहिले. याहून मोठी भुताटकी मला ठाऊक नाही.

फरक एवढाच वाटतो की आपल्या वाड्यात जे काही असतं त्याची कुणीतरी वाट बघत असतं, कुणीतरी परत येणार असतं. त्यांचा तो वाडा कुणाची वाट बघत नाही. तो नुसता ऐकतो. भिंतीवरच्या पानाफुलांच्या उठावाच्या नक्षीवर कॅमेरा स्थिर आहे, पलीकडून पुटपुटणं ऐकू येतं, आणि आपल्यालाच हळूहळू नक्षीत डोळे दिसायला लागतात, तोंड दिसायला लागतं. तोच तो प्रसंग ज्यात एलेनॉर अंधारात थिओचा हात घट्ट धरून पडलेली आहे, हात आवळला जातो, दुखायला लागतो, ती ओरडते, दिवा लागतो, आणि थिओ खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला तिच्या पलंगावर असते. मग इतका वेळ हात कुणाचा धरला होता? आमच्या सौ. त्या वेळी माझा हात धरून होत्या. त्यांनी तो सोडला, उठून बघितला, आणि मगच परत धरला.

त्यांचं सिनेमावरचं मतही देऊन टाकतो, कारण घरी कबूल केलं आहे: "एवढा थोरला वाडा, आणि करायला बाई एकच, तीसुद्धा संध्याकाळ झाली की घरी जाणार. भूत नाही आलं तरच नवल."

प्रश्न (कळवा, वय ४९): काका, मी रागावून लिहिते आहे. माझ्या आईला मी नऊ वर्षं सांभाळलं. भाऊ परदेशात आहे. शेवटच्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी पाचला उठले तेव्हा ती गेलेली होती. तुमच्या सदरात वाचून करमणूक म्हणून सिनेमा लावला. ती बाई झोपेतून उठते आणि 'आले हं आई' म्हणते तिथे मी टीव्ही बंद केला. तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं. आणि मला खरं उत्तर द्या, तिनं हाक ऐकली होती का नव्हती?

सांगायला हवं होतं. चुकलो. मी दाराबद्दल, लेन्सबद्दल, आवाजाबद्दल लिहीत सुटलो आणि हे नेमकं टाळलं. विसरलो असं म्हणणार नाही, कारण विसरलो नव्हतो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना कळावं म्हणून सांगतो. एलेनॉरची आई रात्री काही हवं असलं की भिंतीवर ठोकायची. ज्या रात्री ती गेली त्या रात्रीही तिनं ठोकलं, आणि एलेनॉर गेली नाही. म्हणून वाड्यातला पहिला ठोका पडतो तेव्हा ती अर्धवट झोपेत आईलाच ओ देते. सिनेमातला सगळ्यांत भीतीदायक आवाज दारावरचा नाही, तिच्या तोंडचा तो साधा होकार आहे. पुढे जे घडतं ते भूत करतं का ती, याचा उलगडा सिनेमा करत नाही. ऐकूनही ती पडून राहिली, की ऐकूच आलं नाही, हे तिचं तिलाही नक्की सांगता येत नाही. तुम्ही खरं उत्तर मागितलंत. सिनेमात ते नाही.

तुमच्या बाबतीत मात्र ते तुम्हीच लिहिलं आहे, पत्राच्या चौथ्या ओळीत. गाढ झोप लागली. नऊ वर्षं जागलेल्या माणसाला लागते तशी लागली. माझी बहीण नर्स होती, चाळीस वर्षं तिनं रात्रपाळ्या केल्या. ती सांगायची, कितीतरी माणसं जवळचं माणूस चहा प्यायला खाली गेलं की तेवढ्यात जातात. आता ती नाही, नाहीतर तुमच्याशी बोलायला दिलं असतं.

माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतो ते तुम्हाला कळेल. माझ्या आईची डावी बाजू गेली होती, चार वर्षं. याच घरात, आतल्या खोलीत. बोलणं तुटक, हाक मारता येईना, म्हणून तिच्या उजव्या हाताशी पितळेचं फुलपात्र ठेवलेलं असायचं. ते भिंतीवर वाजवायची. तीन ठोके म्हणजे पाणी, नुसता एक म्हणजे कुणीतरी या. माझे प्रयोग संपायचे रात्री बारानंतर, कधी कल्याण, कधी पनवेल, घरी यायला दीड-दोन. एकदा असाच येऊन पडलो आणि पाठ टेकते ना टेकते तोच भिंतीवर एक ठोका. मी जागा होतो. चांगला जागा होतो. आणि मी कूस बदलली. दिवसभर लोकांना आवाज ऐकवणारा माणूस भिंतीकडे पाठ करून पडून राहिला. आमच्या सौ. उठून गेल्या. आईला काही नको होतं, ह्याचं जेवण झालं का, एवढंच विचारायचं होतं. त्यानंतर ती सात महिने जगली, तेव्हा तुमच्यासारखा घाव मला नाही. पण एलेनॉर झालेली ज्यूली हॅरिस 'आले हं' म्हणते तेव्हा खोलीतल्या सहा जणांपैकी पाच दाराकडे बघत होते आणि मी भिंतीकडे.

सिनेमा पुरा करायलाच हवा असं काही नाही. बंद केलात ते ठीक केलंत. कधी पुन्हा लावलात तर दुपारी लावा, आणि भाऊ फोनवर असू द्या. नऊ वर्षं त्याला काय काय कळलं नाही तेही त्याला एकदा ऐकवा. मला पुन्हा लिहावंसं वाटलं तर लिहा, तेही रागावून चालेल.

आम्हाला दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं आहे. खोकी भरणं चालू आहे. सौ.नी प्रत्येक खोक्यावर काय काय आहे ते खडूनं लिहिलं आहे, तांब्या-पितळेची तीन खोकी झाली, सुतळीनं बांधूनही झाली. फुलपात्र अजून आतल्या खोलीतल्या फळीवर आहे. दोनदा विचारून झालं, कुठल्या खोक्यात टाकू. मी म्हटलं, राहू दे, ते मी पिशवीतून हातात नेईन.